टायरांचा खर्च आणि दाबसूचक यंत्रणा : एक हिशेब

१. प्रास्ताविक

पनवेलनजीक पळस्पे फाट्यावरून गोव्याकडे जाणारा महामार्ग दक्षिणेस वळला की थोड्याच अंतरावर शिरढोण हे गाव लागते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे हे जन्मस्थान. त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी झाला. आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला, येथून हजारो कोस दूर, रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने चाकाभोवती हवा भरलेली नळी बसविण्याच्या कल्पनेचे ब्रिटनमध्ये एकस्व मिळविले. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. तथापि आज शिरढोणच्या वेशीवरून जी अखंड वाहतूक चालते, ती सर्व त्या दुसऱ्या घटनेच्या आधारावर, म्हणजे रबरात कोंडलेल्या हवेवर, चालते हे लक्षात घेण्यासारखे आहे.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने शिरढोणचे स्थान सोयीचे आहे. तेथून निघणाऱ्या मोटारीपुढे मुख्यतः दोन वाटा असतात. उत्तरेस पळस्पे व कळंबोलीच्या बाजूस गेल्यास मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग मिळतो. सुमारे साडेचौऱ्याण्णव किलोमीटर लांबीचा हा काँक्रीटचा रस्ता २००२ साली पूर्णपणे वाहतुकीस खुला झाला. घाटाबाहेरच्या भागात तेथे मोटारींना ताशी १०० किलोमीटर वेगाची मुभा आहे. दक्षिणेस गेल्यास कर्नाळ्याच्या खिंडीतून कोकणचा रस्ता लागतो. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याच्या चौपदरीकरणास २०११ साली प्रारंभ झाला आणि ते काम पुढे अनेक वर्षे रेंगाळले. त्या काळातील पावसाळी खड्ड्यांची ख्याती महाराष्ट्रभर पसरली. पहिल्या वाटेवर टायरचा शत्रू वेग व उष्णता, तर दुसऱ्या वाटेवर आघात. टायर लवकर बदलावा लागण्याची जी कारणे आहेत त्यांपैकी बहुतेक या दोन वाटांवर भेटतात.

अलीकडील मोटारींत टायरमधील हवेचा दाब घटल्याची सूचना देणारी यंत्रणा बसविलेली असते. ही यंत्रणा असल्यामुळे टायरची काळजी घेण्याचे कारण उरले नाही, अशी समजूत बऱ्याच वाहनधारकांत आढळते. ही समजूत कितपत खरी आहे, यंत्रणा नेमके काय वाचविते आणि काय वाचवीत नाही, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

२. भार कोण वाहतो?

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार तापलेली लोखंडी धाव चढवीत असे व पाणी ओतून ती आवळून घेत असे. त्या चाकाचा भार लाकूड व लोखंड वाहत. मोटारीच्या चाकाची गोष्ट निराळी आहे. तेथे भाराचा फार मोठा भाग हवा वाहते. रबर, धागे व पोलादी तारा यांचे मुख्य काम त्या हवेला कोंडून धरणे आणि रस्त्याशी घर्षण साधणे हे होय.

एक ढोबळ गणित पाहू. माणसांसह १,४०० किलोग्रॅम वजनाच्या मोटारीच्या प्रत्येक चाकावर सरासरी ३५० किलोग्रॅम भार येतो. टायरमध्ये दर चौरस इंचास ३३ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलोग्रॅम दाब असेल, तर तो भार पेलण्यास सुमारे १५० चौरस सेंटिमीटर स्पर्शक्षेत्र लागते. हे क्षेत्र टपालाच्या पोस्टकार्डाहून थोडेसेच मोठे आहे. दाब २६ पौंडांवर आला की तेच क्षेत्र सुमारे १९० चौरस सेंटिमीटर होऊ पाहते. टायरच्या बाजूंचा ताठरपणा काही भार उचलतो, यास्तव प्रत्यक्ष आकडे यापेक्षा थोडे वेगळे येतात. परंतु दिशा हीच राहते. दाब कमी झाला की टायर अधिक पसरतो, म्हणजे त्याच्या बाजू अधिक वाकतात.

या वाकण्याची वारंवारता ध्यानात घेण्याजोगी आहे. परिघ सुमारे १.९ मीटर धरल्यास ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना चाक सेकंदाला साडेचौदाहून अधिक फेरे घेते, आणि तासाभरात टायरचा प्रत्येक भाग बावन्न हजारांहून अधिक वेळा दबतो व सुटतो. रबर दाबले असता ते जेवढी ऊर्जा घेते तेवढी सुटताना परत देत नाही. उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने आत राहते. या गुणधर्मास शैथिल्य असे म्हणतात. वाकणे जितके जास्त तितकी उष्णता जास्त. उष्णता वाढली की रबर व धागे यांची पकड सैल होऊ लागते, आणि अखेरीस थर सुटून टायर फुटतो. फुटण्याचा क्षण एक असला तरी त्याची तयारी पुष्कळ आधीपासून चाललेली असते.

कमी दाबाचा दुसरा परिणाम झिजेवर होतो. टायरच्या दोन्ही कडा रस्त्यावर अधिक दाबल्या जातात व मधला भाग तुलनेने हलका पडतो; त्यामुळे कडा आधी गुळगुळीत होतात. दाब प्रमाणाबाहेर असेल तर उलट मधला पट्टा झिजतो. दोन्ही प्रकारांत टायरच्या काही भागाची नक्षी शिल्लक असतानाच तो बाद करावा लागतो. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत उतरली की मोटारीचा टायर वापरास अयोग्य ठरतो. ही मर्यादा दर्शविणाऱ्या लहान उंचवट्यांची खूण टायरच्या खाचांत कारखान्यातच केलेली असते.

३. दाब का घटतो, आणि तो का दिसत नाही?

खिळा लागला नसतानाही टायरमधील हवा कमी होत जाते. रबर हवेला पूर्णतः अभेद्य नाही; त्यातून ती अतिशय सावकाश झिरपते. सुस्थितीतील टायरमध्येही महिन्याला सुमारे एक पौंड घट होणे स्वाभाविक मानले जाते. नायट्रोजन भरल्यास हे झिरपणे थोडे मंदावते. पण साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असल्यामुळे त्याचा लाभ मर्यादित आहे, आणि त्यामुळे दाब तपासण्याची गरज संपत नाही.

दुसरे कारण तापमानाचे. बंद जागेतील वायूचा निरपेक्ष दाब त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. शिरढोणला सकाळी २५ अंश सेल्सियसला टायरमध्ये ३३ पौंड दाब भरला असे समजा. वातावरणाचे १४.७ पौंड मिळविल्यास निरपेक्ष दाब ४७.७ पौंड होतो. द्रुतगती मार्गावर धावून आतील हवा ५५ अंशांपर्यंत तापली तर तो ५२.५ पौंडांवर जातो, म्हणजे दाबमापकावर ३७.८ पौंड दिसतात. ही वाढ अपेक्षितच असते. वाहननिर्मात्याने सांगितलेला दाब थंड टायरसाठी असतो.

येथे एक सार्वत्रिक चूक घडते. वाटेत खालापूरच्या परिसरातील एखाद्या पंपावर थांबलेला चालक मापकावर ३८ चा आकडा पाहून घाबरतो आणि हवा सोडून ती ३३ वर आणवितो. टायर पुन्हा २५ अंशांवर आला की त्यातील दाब सुमारे २८.६ पौंड भरतो. म्हणजे काळजीपोटी केलेल्या कृतीने टायर सुमारे १३ टक्के कमी दाबाचा झाला. यास्तव दाब तपासावयाचा तो सकाळी, गाडी काढण्यापूर्वी, हा नियम निव्वळ पुस्तकी नाही.

ही घट डोळ्यांना का दिसत नाही, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. बैलगाडीची धाव सैल झाली की ती खडखडू लागे आणि गाडीवान चाके पाण्यात भिजत ठेवी. जुन्या तिरप्या धाग्यांच्या टायरात हवा कमी झाली की तो बसलेला दिसत असे. आजचा रेडियल टायर मात्र पूर्ण दाबातही बुडाशी थोडा फुगलेलाच दिसतो. त्यामुळे ३३ आणि २७ पौंडांतील फरक नजरेने किंवा लाथ मारून ओळखणे जवळजवळ अशक्य झाले. टायर सुधारला आणि त्याबरोबर त्याची तक्रार मूक झाली. दाबसूचक यंत्रणेची खरी आवश्यकता येथून उत्पन्न होते.

४. यंत्रणेचे दोन प्रकार

दाबसूचक यंत्रणा दोन प्रकारची असते : प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष.

प्रत्यक्ष प्रकारात प्रत्येक चाकाच्या आत, बहुधा वाल्वच्या मुळाशी, एक संवेदक बसविलेला असतो. त्याचा गाभा म्हणजे सिलिकॉनचा अतिशय पातळ पडदा. हवेच्या दाबाने पडदा वाकला की त्यावर कोरलेल्या रोधकांचा विद्युत्‌रोध बदलतो. सिलिकॉन व जर्मेनियम या अर्धवाहकांत ताणामुळे रोध मोठ्या प्रमाणात बदलतो, हे चार्ल्स स्मिथ या अमेरिकन भौतिकीविदाने १९५४ साली दाखवून दिले; आजचा टायर-संवेदक हे त्या निरीक्षणाचे एक दूरचे फळ होय. या पडद्याबरोबर तापमान मोजणारा घटक, चाक फिरत आहे की नाही हे ओळखणारा प्रवेगमापक, एक लहान प्रक्षेपक व लिथियमची बॅटरी असते. मापन केलेला दाब रेडिओलहरींनी मोटारीतील ग्राहकयंत्राकडे जातो. त्यासाठी अमेरिकेत मुख्यतः ३१५ मेगाहर्ट्झ, तर युरोपात ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासची वारंवारता वापरतात. गाडी उभी असताना संवेदक जवळजवळ निद्रिस्त राहतो व त्यामुळे बॅटरी वर्षानुवर्षे टिकते.

अप्रत्यक्ष प्रकारात टायरमध्ये काहीच बसवावे लागत नाही. ब्रेक लावताना चाके लॉक होऊ न देणारी जी यंत्रणा मोटारीत असते, तिचे चाकांची गती मोजणारे संवेदक येथे कामी येतात. भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना ती ब्रेकयंत्रणा सक्तीची झाली असल्यामुळे हे संवेदक आयतेच उपलब्ध असतात. दाब कमी झाला की चाकाची परिणामी त्रिज्या किंचित घटते आणि तेच अंतर कापण्यासाठी ते इतर चाकांहून किंचित अधिक फिरते. हा फरक टक्क्याच्या काही दशांशांइतकाच असतो. तरीही पुष्कळ फेऱ्यांची सरासरी घेऊन गणकयंत्र तो हेरू शकते. चाकाच्या कंपनांचे विश्लेषण करूनही दाबाचा अंदाज बांधता येतो.

अप्रत्यक्ष पद्धत स्वस्त आहे. परंतु तिचा पाया तुलनेवर उभा आहे. चारही टायरांतील हवा सारख्या गतीने झिरपली, तर केवळ तुलना करणाऱ्या यंत्रणेस काहीच वेगळे दिसत नाही. शिवाय हवा भरल्यावर किंवा टायर बदलल्यावर चालकाने कळ दाबून नवा आधार नोंदवावा लागतो. कमी दाब असतानाच ती कळ दाबली तर यंत्रणा त्या कमी दाबालाच योग्य मानून चालते. म्हणजे चारही टायरांची स्वाभाविक आणि सर्वांत खर्चिक घट ही तिच्या दृष्टीआड राहण्याचा संभव अधिक.

५. इशाऱ्याची सीमारेषा कोठे आहे?

ही यंत्रणा कायद्याने आली ती अपघातांच्या पोटी. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने लक्षावधी टायर परत बोलाविले. त्यांपैकी बरेचसे फोर्ड एक्स्प्लोरर या वाहनांवर होते, आणि टायरचा थर सुटून झालेल्या अपघातांत अडीचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती. त्या वाहनासाठी फोर्डने २६ पौंड तर फायरस्टोनने ३० पौंड दाब योग्य मानला होता, आणि हा चार पौंडांचा फरक पुढील वादात केंद्रस्थानी आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात झालेल्या कायद्यान्वये अमेरिकेत दाबसूचक यंत्रणा टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. शिफारस केलेल्या दाबापेक्षा २५ टक्के घट होताच वीस मिनिटांच्या आत दिवा लागला पाहिजे, असा तेथील नियम आहे. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना ती अनिवार्य झाली. तेथे सीमारेषा धावून तापलेल्या टायरच्या दाबापेक्षा २० टक्के कमी अशी आहे. भारतात अशी सरसकट सक्ती न करता २०२० साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करण्यात आली. तिच्यानुसार साडेतीन टनांपर्यंतच्या ज्या वाहनांत ट्यूबलेस टायर, दाबसूचक यंत्रणा आणि टायर-दुरुस्तीचे साहित्य असेल, त्यांना जादा चाक, म्हणजे स्टेपनी, न बाळगण्याची मुभा मिळाली.

या सीमारेषांकडे बारकाईने पाहिले म्हणजे यंत्रणेचा उद्देश स्पष्ट होतो. ३३ पौंडांच्या टायरसाठी २० टक्के घट म्हणजे सुमारे २६.४ पौंड, आणि २५ टक्के घट म्हणजे सुमारे २४.८ पौंड. त्यावर धोका दूर आहे आणि त्याखाली तो जवळ येतो, असे नियमकर्त्यांनी मानले. ही रेषा सुरक्षिततेची आहे, काटकसरीची नाही. महिन्याला एक पौंड या गतीने हवा झिरपत असेल तर दिवा लागण्यापूर्वी सहा महिने सरतात. त्या सहा महिन्यांत टायर झिजतो, इंधन जादा जळते, आणि यंत्रणा गप्प असते. ती बिघडलेली नसते. तिला बोलण्याचा हुकूमच अजून झालेला नसतो.

काही मोटारींत प्रत्येक टायरचा दाब आकड्यांत दिसतो. तेथे परिस्थिती बरी आहे. परंतु तो आकडा नियमाने पाहणारा आणि पाहून हवा भरणारा चालक असेल तरच. दिव्याची वाट पाहणाऱ्याच्या हाती आकडाही व्यर्थ ठरतो.

६. खर्चाचा हिशेब

पुढील हिशेबात किंमती उदाहरणादाखल घेतल्या आहेत. वाचकाने आपल्या वाहनाचे आकडे घालून तो पुन्हा मांडावा.

एका टायरची मूळ किंमत ५,००० रुपये समजू. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी मोटारीच्या नव्या टायरवर वस्तू व सेवा कर २८ टक्के होता. त्या दिवसापासून तो १८ टक्के झाला. म्हणजे तोच टायर ६,४०० ऐवजी ५,९०० रुपयांस पडू लागला आणि चार टायरांच्या संचामागे २,००० रुपये वाचले. नव्या दराने संचाची किंमत २३,६०० रुपये होते.

योग्य दाबात हा संच ४५,००० किलोमीटर टिकतो असे धरू. किलोमीटरमागे टायरांचा खर्च सुमारे ५२ पैसे येतो. आता हवेचा दाब सतत २८ पौंडांच्या आसपास राहिला आणि त्यामुळे आयुष्य दहा टक्क्यांनी घटून ४०,५०० किलोमीटर झाले असे समजा. खर्च सुमारे ५८ पैशांवर जातो. वर्षाकाठी १२,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीस हा फरक सुमारे ७०० रुपयांचा पडतो.

इंधनाची बाजू निराळी. अमेरिकेच्या शासकीय मार्गदर्शनानुसार चारही टायरांचा सरासरी दाब एक पौंडाने कमी झाला की इंधनाची कार्यक्षमता सुमारे ०.२ टक्क्याने घटते. पाच पौंडांस एक टक्का. लिटरला १५ किलोमीटर जाणारी गाडी वर्षाला ८०० लिटर पेट्रोल घेते. त्याचा एक टक्का म्हणजे ८ लिटर. लिटरला १०० रुपये धरल्यास ८०० रुपये.

दोन्ही मिळून वर्षाला सुमारे १,५०० रुपये जातात, आणि या संपूर्ण काळात दिवा एकदाही लागत नाही. करकपातीने संचामागे जे २,००० रुपये वाचले ते सोळा महिन्यांच्या दुर्लक्षात पुन्हा खर्ची पडतात. याउलट साधा हातातला दाबमापक काही शे रुपयांस मिळतो आणि कित्येक वर्षे चालतो.

यंत्रणेच्या पारड्यात काय पडते तेही पाहू. चार संवेदकांची किंमत प्रत्येकी २,५०० रुपये आणि आयुष्य आठ वर्षे धरल्यास वार्षिक बोजा १,२५० रुपयांचा येतो. ही रक्कम केवळ मंद झिरपण्यातील बचतीने भरून काढावयाची म्हटल्यास यंत्रणा कशीबशी तोलाला येईल, आणि तीही चालक आकडे पाहून हवा भरणारा असेल तरच. परंतु तिचे मूल्य अशा तराजूत मोजणे योग्य नव्हे. खिळा लागून हवा वेगाने जाऊ लागते तेव्हा यंत्रणा वेळीच बोलते. गाडी बाजूस घेता येते व किरकोळ खर्चात पंक्चर निघते. तीच गाडी बसलेल्या टायरवर थोडी जरी धावली तर टायरच्या बाजू चिरडल्या जातात आणि ५,९०० रुपयांचा टायर जातो. आणि द्रुतगती मार्गावर वेगात टायर फुटण्याचे टळले, तर जे वाचते त्यास रुपयांचे माप नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, आणि पुढील वर्षी तेथे वाहनांचे टायर तपासण्याची मोहीम परिवहन खात्यास हाती घ्यावी लागली, ती याच कारणाने.

७. टायर बदलताना संवेदकाचे काय करावे?

संवेदक टायरच्या आत असल्यामुळे टायर बदलण्याच्या प्रत्येक वेळी त्याचा प्रश्न उभा राहतो. टायरची कड रिमपासून सोडविताना यंत्राचा दाब वाल्वच्या जवळ पडला तर संवेदक तुटतो. यास्तव काम सुरू होण्यापूर्वीच दुकानदारास त्याची कल्पना देणे इष्ट.

संवेदकातील बॅटरी बहुधा राळेत बंद केलेली असते. ती वेगळी बदलता येत नाही. संपूर्ण संवेदकच बदलावा लागतो. वर घेतलेल्या आकड्यांप्रमाणे टायरांचा एक संच पावणेचार वर्षे टिकतो. दोन संच साडेसात वर्षे. संवेदकाचे अंदाजे आयुष्य आठ वर्षे धरले होते. म्हणून दुसऱ्यांदा टायर बदलतानाच चारही संवेदक बदलणे फायद्याचे ठरते. अन्यथा काही महिन्यांनी एकेका संवेदकासाठी टायर पुन्हा उतरविण्याची, चढविण्याची व चाक संतुलित करण्याची मजुरी पडते. पहिल्या वेळी मात्र संवेदक तसाच ठेवून वाल्वची आतील सुई, रबरी चकती व नट एवढेच बदलावे.

कोकणपट्टीत याबाबत एक विशेष दक्षता घ्यावी लागते. धातूच्या वाल्वची दांडी ॲल्युमिनियमची असते. तिच्यात साधी पितळी सुई घातली तर खाऱ्या, दमट हवेत दोन धातूंमध्ये विद्युत्‌रासायनिक क्रिया होऊन सुई गंजून रुतते आणि ती काढताना संपूर्ण दांडी मोडते. निकेलचा मुलामा दिलेली सुई काही रुपयांनीच महाग असते, पण ती संवेदक वाचविते. वाल्वची टोपी हरवू न देणे हेही त्याच जातीचे, बिनखर्चाचे काम होय.

८. जेथे संवेदक मूक असतो

कर्नाळ्यापलीकडच्या वाटेवर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक आदळले असता टायरची बाजू रिमची कड आणि खड्ड्याची कड यांमध्ये चिमटली जाते. आतील धागे तुटतात, पण रबराचा आतला थर बहुधा शाबूत राहतो. हवा जात नाही. काही वेळाने टायरच्या बाजूला फुगा दिसू लागतो. दाब ३३ पौंड तो ३३ च असतो, त्यामुळे संवेदक समाधानी असतो. आणि टायर मात्र केव्हा फुटेल याचा नेम नसतो. असा टायर दुरुस्त होत नाही. तो बदलावाच लागतो.

नक्षीची झीज हीदेखील संवेदकास कळत नाही. गोटा झालेल्या टायरचा दाब अगदी बिनचूक असू शकतो, आणि पावसाळ्यात तोच पाण्याच्या थरावर तरंगून मोटार घसरवितो. तिसरी गोष्ट वयाची. रबर ऑक्सिजन, ऊन व उष्णता यांमुळे वापर नसतानाही कडक होते. ज्या गाड्या सुट्टीच्या दिवसांपुरत्याच बाहेर निघतात त्यांचे टायर नक्षी पुरेशी असूनही म्हातारे झालेले असतात. टायरच्या बाजूवरील चार अंकांत त्याचा जन्म नोंदलेला असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. फुगा, नक्षी आणि वय या तिन्ही बाबी पाहण्याचे काम डोळ्यांनीच करावयाचे असते.

२०२० च्या दुरुस्तीचा विचार येथे पुन्हा करावा लागतो. स्टेपनी नसल्यामुळे गाडीचे वजन व एका चाकाची किंमत वाचते हे खरे. तिच्याऐवजी दिलेले द्रव्य खिळ्याने पडलेले लहान छिद्र, तेही रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यातले, बुजविते. खड्ड्याने चिरलेली बाजू ते बुजवू शकत नाही. शहरात ही उणीव जाणवणार नाही. पण भर पावसात, रात्री, कोकणच्या रस्त्यावर टायरची बाजू फाटलेल्या प्रवाशास संवेदक केवळ एवढेच सांगू शकतो की हवा गेली. शिरढोणहून दक्षिणेस नित्य जाणाऱ्या माणसाने स्टेपनीची ही तथाकथित बचत विकत घेण्यापूर्वी विचार करावा, आणि जिच्यात स्टेपनी आहे त्या गाडीतील स्टेपनीची हवाही तपासावी. कारण पुष्कळ गाड्यांत त्या पाचव्या चाकात संवेदक नसतो.

९. उपसंहार

वरील विवेचनाचा इत्यर्थ थोडक्यात असा. दाबसूचक यंत्रणा ही अपघाताविरुद्धची पहारेकरी आहे, खर्चाची हिशेबनीस नव्हे. तिची सीमारेषा २० ते २५ टक्के घटीवर आखलेली आहे, आणि टायरचे आयुष्य व इंधन यांची रोजची हानी त्या रेषेच्या वरच होते. यंत्रणा असल्याच्या भरवशावर दाबमापक हाती घेण्याची सवय सुटली, तर वाहनधारक पूर्वीपेक्षा अधिक सुरक्षित होईल, पण त्याचा टायरांवरील खर्च मात्र वाढेल.

यावर उपाय साधा आहे. महिन्यातून एकदा, सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी चारही टायर आणि स्टेपनी यांचा दाब मोजावा; दाराच्या चौकटीवरील पाटीत दिलेला आकडा प्रमाण मानावा; तापलेल्या टायरची हवा सोडू नये; आणि त्याच वेळी टायरभोवती एक फेरी मारून फुगा, नक्षी व चिरा पाहाव्यात. या सर्वांस दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. पळस्प्याकडे वळावयाचे असो की कर्नाळ्याकडे, शिरढोणच्या रस्त्यावर येण्यापूर्वी ही दहा मिनिटे खर्च केली तर संवेदकाचा दिवा न लागताही टायर आपले पूर्ण आयुष्य जगतो.